शाळेच्या मैदानापासून राष्ट्रीय संघापर्यंत : युवा फुटबॉलपटूंची निवड कशी होते?

नवी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू मैदानावर ९ ऑक्टोबर २०१७ रोजी भारत आणि कोलंबिया यांच्यातील १७ वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल सामन्याचे ८२ वे मिनिट सुरू होते. कॉर्नर किकवरून आलेल्या चेंडूवर जीक्सन सिंग याने उंच झेप घेतली आणि डोक्याने मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत भारताने नोंदवलेला हा पहिला गोल होता. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. मात्र त्या एका गोलामुळे मणिपूरच्या थौबाल जिल्ह्यातील एका मुलाचे नाव देशभर पोहोचले.

हाच जीक्सन स्पर्धेच्या काही महिने आधीपर्यंत या संघात नव्हता. राष्ट्रीय संघाच्या सुरुवातीच्या निवडीत त्याला स्थान मिळाले नव्हते. पुढे तो ज्या मिनर्व्हा अकादमीकडून खेळत होता, त्या अकादमीच्या मुलांनी देशांतर्गत युवा स्पर्धा जिंकली. २०१७ च्या मार्च महिन्यात जर्मनीचे निकोलाय ॲडम यांच्या जागी पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस यांच्याकडे राष्ट्रीय युवा संघाची सूत्रे आली. नव्या प्रशिक्षकांनी मिनर्व्हाच्या मुलांचा खेळ पाहिला आणि त्यांतील काहींना संघात घेतले. प्रशिक्षक बदलले नसते, तर तो गोल झाला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे.

राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता, असा प्रश्न पालक आणि शालेय क्रीडाशिक्षक नेहमी विचारतात. यासाठी कोठेही अर्ज भरावा लागत नाही, परीक्षा द्यावी लागत नाही आणि राष्ट्रीय संघासाठी खुली निवड चाचणी होण्याचे प्रसंगही विरळच. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आणि महासंघाचे निरीक्षक स्पर्धांमधील खेळ पाहतात आणि नावे टिपून ठेवतात. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी कोणत्या स्पर्धेत, कोणाच्या डोळ्यांसमोर आणि किती सामने खेळते, हाच या प्रवासातील कळीचा मुद्दा ठरतो.

दोन वाटा : शाळा-राज्य आणि अकादमी-क्लब

देशातील जुनी आणि परिचित वाट शाळेपासून सुरू होते. भारतीय हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून दिल्लीत आंतरशालेय सुब्रतो चषक स्पर्धा होत आली आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या पार करून विजेत्या शाळा दिल्लीत येतात. १९९२ साली या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला सिक्कीमचा बायचुंग भुतिया दुसऱ्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबमध्ये दाखल झाला आणि १९९५ मध्ये भारतीय संघाकडून खेळला. शालेय स्पर्धेतून तीन वर्षांत राष्ट्रीय संघात, असा सरळ प्रवास त्या काळी शक्य होता. आज तो जवळजवळ अशक्य आहे.

शाळेला समांतर अशी राज्य संघटनांची साखळी आहे. खेळाडूची नोंदणी जिल्हा संघटनेकडे, जिल्ह्याची निवड राज्य संघटनेकडे आणि राज्याचा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, असा तिचा क्रम आहे. महाराष्ट्रात ही जबाबदारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन सांभाळते. कनिष्ठ मुलांसाठी डॉ. बी. सी. रॉय करंडक, २० वर्षांखालील मुलांसाठी २०२४ मध्ये छत्तीसगडमधील नारायणपूर येथे प्रथम झालेली स्वामी विवेकानंद स्पर्धा आणि वरिष्ठ गटात १९४१ पासूनचा संतोष करंडक या त्यातील प्रमुख स्पर्धा होत. एकेकाळी संतोष करंडक हेच भारतीय संघाचे प्रवेशद्वार मानले जात असे. व्यावसायिक लीग आल्यानंतर त्याचे ते स्थान उरलेले नाही. तरीही रेल्वे, सेनादले, पोलीस किंवा बँकेतील नोकरीच्या दृष्टीने राज्याच्या संघातील निवडीला आजही मोल आहे, आणि असंख्य कुटुंबांसाठी तेच खरे उद्दिष्ट असते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरी वाट अकादमी आणि क्लबची. जमशेदपूर येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या टाटा फुटबॉल अकादमीने निवासी प्रशिक्षणाचा पायंडा पाडला. गोव्याचा महेश गवळी हा बचावपटू याच अकादमीत घडला, भारतीय संघाचा आधारस्तंभ झाला आणि पुढे युवा राष्ट्रीय संघांचा प्रशिक्षकही झाला. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे, राज्य सरकारांची वसतिगृहे, क्लबांच्या अकादमी आणि खासगी संस्था यांचे जाळे पसरत गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे महासंघ आणि फिफा यांच्या संयुक्त प्रतिभा अकादमीचे उद्घाटन फिफाचे जागतिक फुटबॉल विकास प्रमुख आर्सेन वेंगर यांच्या हस्ते झाले. या अकादमीत १४ वर्षांखालील गटापासून मुले घेतली जातात.

अकादमीतील मुलाला मिळणारा मोठा लाभ म्हणजे नियमित सामने. शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत संघ हरला, की त्या मुलाचे वर्ष संपते. याउलट महासंघाच्या वयोगटनिहाय युवा लीगमध्ये खेळणाऱ्या अकादमीच्या मुलाला हंगामभर सामने मिळतात. दोघांची गुणवत्ता समान असली, तरी तीन-चार वर्षांनंतर दोघांच्या पायांतील अनुभवात मोठे अंतर पडलेले असते.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव याचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे वाटेल. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना हजारोंची गर्दी होते आणि पेठापेठांमधील चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. असे असूनही अनिकेतला राष्ट्रीय संघापर्यंत जाण्यासाठी लहान वयातच घर सोडावे लागले. तो राज्य शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेथून पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापुरातील फुटबॉलप्रेम हे प्रामुख्याने मोठ्यांच्या स्पर्धांचे आहे. १२ ते १६ वयोगटातील मुलांना वर्षभर स्पर्धात्मक सामने देणारी व्यवस्था तेथे त्या प्रमाणात उभी राहिली नाही, हे मान्य करावे लागेल.

मणिपूरचे चित्र याहून वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २८ लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यातील आठ खेळाडू २०१७ च्या २१ जणांच्या विश्वचषक संघात होते. कर्णधार अमरजित सिंग कियाम हाही मणिपूरचाच. विशेष म्हणजे अमरजित आणि जीक्सन या दोघांचेही महत्त्वाचे प्रशिक्षण चंडीगढमध्ये झाले. आवड आणि स्पर्धा गावाने दिली, पण पुढचा टप्पा गाठण्यासाठी घरापासून दूर जावे लागले.

वयाचा प्रश्न

युवा निवडीतील सर्वांत नाजूक विषय वयाचा आहे. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये एक-दीड वर्षाचे अंतरही उंची, वजन आणि वेगात मोठा फरक पाडते. त्यामुळे खोटे जन्मदाखले सादर करण्याचे प्रकार देशात अनेक वर्षे घडत आले आहेत. यावर उपाय म्हणून डाव्या मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांचे वय ठरवण्याची ‘टीडब्ल्यू-३’ ही पद्धत युवा स्पर्धांसाठी वापरली जाते. फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी लागू केली. मनगटाजवळील हाडाची वाढपट्टी पूर्णपणे जुळून आलेली असेल, तर तो खेळाडू १७ वर्षांखालील असण्याची शक्यता अत्यंत कमी, हे या तपासणीमागील तत्त्व आहे.

ही तपासणी मोठ्या फसवणुकीला आळा घालते, पण शरीराच्या वाढीचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो. एखाद्या प्रामाणिक मुलाची हाडे वयाच्या मानाने लवकर पक्व होतात आणि दाखला खरा असूनही तो अपात्र ठरू शकतो. अशा वेळी खोटेपणाचा शिक्का त्या मुलावर बसू नये, याची काळजी शाळेने आणि संघाने घेतली पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ऐन तोंडावर संघातून वगळलेल्या मुलाला त्याचे कारण गावात परत जाऊन सांगावे लागते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

याहून सूक्ष्म असा एक अन्याय नियमांच्या चौकटीतच घडतो. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांची युवा संघांमध्ये अधिक निवड होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. निवड करणारा प्रशिक्षक जाणूनबुजून पक्षपात करत नाही. चौदाव्या वर्षी दणकट दिसणारा मुलगा त्याला अधिक गुणवान वाटतो, एवढेच. उशिरा वाढणारा, पण चेंडूवर उत्तम ताबा असलेला मुलगा मात्र याच टप्प्यावर गळतो आणि बहुधा परत येत नाही.

शिबिर म्हणजे निवड नव्हे

‘राष्ट्रीय संघात निवड’ हे शब्द वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर फार सैलपणे वापरले जातात. प्रशिक्षक प्रथम संभाव्य खेळाडूंची यादी तयार करतो. ती तीस-चाळीस जणांची किंवा त्याहूनही मोठी असू शकते. या खेळाडूंचे शिबिर भरते, सराव सामने होतात, दमसास आणि वेगाच्या चाचण्या घेतल्या जातात. यादी टप्प्याटप्प्याने लहान होत जाते आणि स्पर्धेसाठी साधारणतः २३ जणांचा अंतिम संघ जाहीर होतो. शिबिराचे बोलावणे आले म्हणून गावात सत्कार झाला आणि पंधरा दिवसांनी मुलगा घरी परतला, असे प्रसंग अनेक कुटुंबांनी अनुभवले आहेत. शिबिरातून परतणे हे अपयश नसते. पुढील यादीत तेच नाव पुन्हा येऊ शकते. जीक्सनच्या बाबतीत नेमके तसेच घडले.

शिबिरासाठी क्लबने खेळाडू सोडणे हाही वादाचा विषय आहे. फिफाने ठरवून दिलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या कालावधीत वरिष्ठ संघासाठी खेळाडू सोडणे क्लबांना बंधनकारक असते. वयोगटाच्या संघांसाठी असे बंधन नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी भारतीय संघाला याचा फटका बसला होता. स्पर्धा त्या कालावधीबाहेर असल्याने अनेक प्रमुख खेळाडू उपलब्ध झाले नाहीत.

आणखी एक अट परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पारपत्र आवश्यक असते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे ओसीआय कार्ड त्यासाठी पुरेसे नसते. २०१७ च्या विश्वचषक संघातील नमित देशपांडे अमेरिकेत राहून फुटबॉल शिकला होता, परंतु त्याच्याकडे भारतीय पारपत्र असल्याने त्याची निवड होऊ शकली.

सतरा ते एकवीस : हरवणारी वर्षे

येथपर्यंतचा प्रवास अवघड असला, तरी त्याला काही रचना आहे. खरी पोकळी त्यानंतर सुरू होते. १६ वर्षांखालील भारतीय संघाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, मलेशियात, साखळीतील तीन सामन्यांत एकही गोल स्वीकारला नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ अशी हार पत्करावी लागली. तो सामना जिंकला असता, तर यजमानपदाच्या आधाराशिवाय भारत १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी पात्र ठरला असता. म्हणजेच सोळाव्या वर्षी आपली मुले आशियातील बलाढ्य संघांच्या बरीच जवळ असतात. विसाव्या वर्षी ते अंतर रुंदावलेले दिसते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. कोरिया किंवा जपानमधील १८ वर्षांचा खेळाडू त्या वर्षांत प्रौढांविरुद्ध किंवा दर्जेदार विद्यापीठ आणि राखीव संघांच्या लीगमध्ये सातत्याने खेळत असतो. आपला खेळाडू मोठ्या क्लबशी करारबद्ध होतो, चांगले मानधन मिळवतो आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. ही मर्यादा नंतर पाचवर आणि २०२१-२२ च्या हंगामापासून चारवर आणण्यात आली. तरीही गोल करण्याची जबाबदारी बहुतेक क्लबांनी परदेशी आघाडीपटूंवरच सोपवली. त्याचा परिणाम असा, की जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघात परत बोलावावे लागले. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. ही घटना छेत्रीसाठी निश्चितच गौरवाची आहे. त्याची जागा घेऊ शकेल असा पंचविशीतील आघाडीपटू वीस वर्षांत का तयार झाला नाही, याचे उत्तर मात्र युवा व्यवस्थेने द्यायचे आहे.

ही पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ या संघाच्या रूपाने केला होता. केवळ तरुण भारतीय खेळाडूंचा हा संघ २०१० ते २०१३ या काळात आणि पुन्हा २०१७ ते २०२२ या काळात आय-लीगमध्ये खेळला. २०१७ च्या विश्वचषकानंतर त्या संघातील मुले थेट प्रौढांच्या स्पर्धेत उतरली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, त्यात अनिकेत जाधवचे दोन गोल होते. निकालांच्या तक्त्यात ॲरोज नेहमी तळाच्या आसपास राहिला, परंतु त्याचा हेतूच वेगळा होता. अमरजितने २०१९ मध्ये वरिष्ठ संघात पदार्पण केले. जीक्सन आणि सुरेश सिंग वांगजाम यांनी मार्च २०२१ मध्ये दुबईत ओमानविरुद्ध पदार्पण केले. त्या एका सामन्यात भारताच्या दहा खेळाडूंनी पदार्पण केले होते. २०२२ मध्ये ॲरोज बंद करण्यात आला. त्याच वर्षी सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमुळे २१ वर्षांखालील खेळाडूंना सामने मिळू लागले, ही जमेची बाजू आहे. मात्र समवयस्कांशी खेळणे आणि तिशीतील कसलेल्या बचावपटूशी झुंजणे यांत फरक आहे. त्यात २०२५ चा हंगाम हक्ककरारावरील वादामुळे वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. तिशीतील खेळाडूचे अशा स्थितीत आर्थिक नुकसान होते, एकोणीस वर्षांच्या खेळाडूची घडण्याची वर्षे जातात.

अन्वर अली याचा अनुभव तर सर्वस्वी वेगळा. २०१७ च्या संघातील या बचावपटूच्या हृदयात दोष असल्याचे २०१९ मध्ये निदान झाले आणि पुढील वर्षी महासंघाने त्याला खेळ थांबवण्यास सांगितले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये तो पुन्हा मैदानात परतला, २०२२ मध्ये वरिष्ठ संघात आला आणि त्याच वर्षी कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध आशियाई चषक पात्रता सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला.

मुलींसाठी पायऱ्या कमी

मुलींच्या बाबतीत हाच मार्ग अधिक तुटक आहे. सुब्रतो चषकात मुलींचा गट २०१२ मध्ये सुरू झाला, तर राष्ट्रीय महिला लीग २०१६-१७ च्या हंगामापासून. २०२२ मध्ये भारताने १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचे यजमानपद भूषवले. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील अस्तम उराँव हिच्या नेतृत्वाखालील संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा पराभूत झाला. या आकड्यांवरून मुलींना दोष देणे अन्यायाचे ठरेल. कोरोनाच्या साथीमुळे २०२० ची नियोजित स्पर्धा रद्द झाली होती आणि तिच्यासाठी तयार केलेल्या मुलींचे वय उलटून गेले. नव्या मुलींचा संघ अल्पावधीत बांधावा लागला.

तीन वर्षांनी चित्र पालटले. २०२५ मध्ये महिलांच्या वरिष्ठ, २० वर्षांखालील आणि १७ वर्षांखालील अशा तिन्ही संघांनी २०२६ च्या आशियाई स्पर्धांसाठी पात्रता मिळवली. वरिष्ठ संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे यजमान थायलंडचा २-१ असा पराभव केला. मुलींसमोरचा मोठा अडथळा मैदानाबाहेरचा आहे. दहावी-बारावीची वर्षे आणि १६ ते १८ वयोगटाची निवड एकाच वेळी येते. मुलगा असेल तर घरचे एक वर्ष थांबण्यास तयार होतात, मुलीच्या बाबतीत अनेकदा तेवढीही सवलत मिळत नाही.

पालकांनी काय पाहावे?

अकादमी निवडताना इमारत आणि गणवेश यांपेक्षा, ती कोणत्या मान्यताप्राप्त लीगमध्ये संघ उतरवते आणि वर्षाला प्रत्येक मुलाला किती सामने मिळतात, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत खेळाडूचे नाव आणि जन्मतारीख अचूक नोंदवून घ्यावी. या नोंदीचा उपयोग केवळ निवडीपुरता नसतो. फिफाच्या नियमांनुसार १२ ते २१ या वयात खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना तो व्यावसायिक झाल्यावर प्रशिक्षण भरपाई मिळू शकते. नोंदच नसेल, तर लहान गावातील क्लबला आपल्या कष्टाचा मोबदला मागता येत नाही. निवडीची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांपासून मात्र चार हात दूरच राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबाद येथे भारताच्या १७ वर्षांखालील मुलांनी इराणवर २-१ असा विजय मिळवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेसाठी पात्रता मिळवली. त्याच्या बाराच दिवस आधी वरिष्ठ संघ ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा हरला होता आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार त्याआधीच बंद झाले होते. अहमदाबादेत जिंकलेली ही मुले २००९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांतील सर्वांत मोठी मुले २०३० मध्ये २१ वर्षांची होतील.